टिकलीची उंची

सेलूच्या स्टेशन रोडवर सुगतचं झेरॉक्सचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी त्याचं शटर अर्धं खाली येतं आणि आत तीन मोठी माणसं पट्टी-कर्कटक घेऊन एका राक्षसाची उंची मोजत बसतात. हे ऐकून कुणी हसलं तर हसणाऱ्याचा काही दोष नाही. पण त्या तिघांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते आजवर कळलेलं नाही.

राक्षसाचं नाव आभाळ्या. नावाला राक्षस, स्वभावाने गाय. पंचवीसेक वर्षांपूर्वी परभणीच्या एका छापखान्यातून निघालेल्या चित्रकथांचा तो नायक. सात-आठ वर्षांत असे अकरा अंक निघाले आणि बंद पडले. घसरलेला मालगाडीचा डबा उचलून रुळावर ठेव, दुधनेचा पूर मांडी घालून अडव, अशी त्याची कामं. प्रत्येक अंकात त्याच्या तळहातावर टिकली नावाची बॉबकट केलेली एक पोरगी बसलेली असायची. चित्रकाराचं नाव म्हणून मुखपृष्ठावर नुसतं ‘शिसपेन’ छापलेलं. हा शिसपेन कोण, हे सुगतने अर्ध्या जिल्ह्यात विचारून पाहिलं होतं, पण कुणाला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते त्याच्या शेजारी बसलेल्या राजेश्रीला. ती तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक, म्हणजे शेतांची मोजणी करणारी. शिसपेन हे तिचे वडील, सिताराम मास्तर, घरचे अण्णा. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि नोकरीत असताना असले उद्योग केले तर मेमो येईल, या धास्तीने त्यांनी घरात सक्त ताकीद देऊन ठेवली होती, की कुणाला सांगायचं नाही. मास्तर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ती ताकीद काही कुणी मागे घेतली नव्हती. राजेश्रीही हट्टाने गप्प राहिली होती, कारण तिचं त्या टिकलीशी जुनं वाकडं होतं.

लहानपणी रोज संध्याकाळी अण्णा दिवा ओढून टिकलीपाशी बसायचे. अण्णांच्या मणक्यात गॅप. राजेश्री रांगत होती तेव्हापासून त्यांनी तिला एकदाही उचलून घेतलं नव्हतं. शेजारपाजारच्या पोरी बापाच्या खांद्यावर बसून पोखर्णीची जत्रा बघायच्या आणि ही अण्णांच्या बोटाला धरून लोकांच्या पाठी बघायची. आणि ती कागदावरची पोरगी मात्र बघावं तेव्हा हातावर. सात वर्षांच्या राजेश्रीने एकदा रागाने तिच्या तोंडावर शाईचा ठिपका पाडला होता. पस्तिसाव्या वर्षी ती टिकलीला पट्टीने मोजत होती, यात प्रेम किती आणि खुन्नस किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्या रविवारी ती दुकानात आली ती घरून भांडूनच. अण्णांना दोन महिन्यांपूर्वी झटका आला आणि डावी बाजू गेली. आई जाऊन सहा वर्षं झालेली, घरात हे दोघंच. शेजारचे सटवाजी मार्केट यार्डात हमाली करायचे. ते सकाळी येऊन अण्णांना पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवायचे आणि दिवेलागणीला परत पलंगावर. आज सकाळी खुर्चीत ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं, की आपण दुपारच्या एसटीने लेकीकडे सोनपेठला निघालो, महिनाभर काही येणं होत नाही.

“मी उचलते की,” राजेश्री म्हणाली.

“पोरीनं बापाला उचलायचं? बरं दिसतंय का ते?” अण्णा म्हणाले. “मी ऱ्हातो खुर्चीतच.”

“महिनाभर?”

“महिनाभर.”

पुढे बरंच झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की अंग हलतं ठेवा, एका जागी बसून राहिलात तर उरलंसुरलंही जाईल. तिने तेही सांगून पाहिलं. अण्णांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. शेवटी ती त्यांच्या उजव्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवून, पायात चप्पल अडकवून तरातरा निघून आली.

दुकानात तर आणखीच पेटलेलं होतं. परभणीहून पॅसेंजरने आलेले बन्सीधर सर गणिताचे. अकरा अंकांतल्या चौकटी सुगतने मोठ्या करून दिलेल्या, आणि सरांनी त्यावरून तक्ता केलेला. पद्धत सोपी होती. पहिल्याच अंकात आभाळ्या टिकलीला विचारतो, ‘तू केवढी?’ आणि ती सांगते, ‘तीन फूट आठ इंच.’ हा एकच पक्का आकडा. टिकली पट्टीवर किती आणि आभाळ्या तिच्या किती पट, एवढं बघायचं.

“पहिल्या अंकात दहा पट,” सर म्हणाले. “म्हणजे पावणेसदतीस फूट. अकराव्यात सव्वासात पटसुद्धा न्हाई. साडेसव्वीस फूट. उंची एवढी घटली म्हणल्यावर ताकद निम्मीच उरली बघा. तो पह्यले तिला एका तळव्यावर घ्यायचा, शेवटी दोन्ही हात लागायलेत. आभाळ्या खचला, सुगतराव. मान्य करा.”

सुगतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “आभाळ्या खचत नसतो सर! अन् त्याच्या ताकदीचं असं माप काढता येतंय का? चौकटीत मावंल तसं काढतो चित्रकार.”

“मग चित्रकारच ढिला पडला म्हणा. कंटाळला असंल. पैसे न्हाईत, नाव न्हाई, उरकून टाकायचं बघितलं त्यानं.” सरांनी राजेश्रीकडे पाहिलं. “मॅडम, तुमी मोजणीवाल्या. तुमी सांगा.”

राजेश्रीने पट्टी खाली ठेवली. तिला वाईट वाटलं ते सर खोटं बोलले म्हणून नव्हे. तिलाही इतकी वर्षं तसंच वाटत आलं होतं. अण्णा कंटाळले, आपल्याला तर त्यांनी कधी उचललंच नाही आणि शेवटी त्या टिकलीलाही सोडून दिलं. तिने तक्ता जवळ ओढला.

हिवाळ्याचे दिवस, जिनिंगचा हंगाम. अशा दुपारी सेलूच्या हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. शटरखालून येणाऱ्या उन्हात ते वर जातात की खाली येतात तेही कळत नाही. एक तंतू तक्त्यावर उतरला, तिच्या श्वासाने उठला, पुन्हा उतरला. झेरॉक्स मशीन घुमत होतं. आकड्यांकडे बघता बघता तिला वाटलं, की रुळांपलीकडे कुणीतरी भलंमोठं, अगदी हळू, गुडघे दुमडून खाली बसतंय.

पावणेसदतीस. पस्तीस. साडेतेहतीस. आकडे एकाच लयीत खाली उतरत होते. कंटाळलेला माणूस असा बेताबेताने चुकत नाही, तो वाटेल तसा चुकतो. आठव्या-नवव्याच्या मध्ये मात्र एकदम मोठी पायरी होती. शेतावर असे आकडे आले तर ती शेतकऱ्याला चोर ठरवत नाही. आधी बांधावर परत जाते आणि ज्यावरून मोजायला सुरुवात केली तो हद्दीचा दगड बघते. सगळं शेत एका चालीने आक्रसलं, तर शेत आक्रसलेलं नसतं. दगड सरकलेला असतो.

“सर,” ती हळूच म्हणाली, “आभाळ्या आहे तेवढाच धरला तर?”

“म्हंजे?”

“पावणेसदतीस फूट. अकराही अंकांत. मग टिकली केवढी निघते?”

सर हसले, पण हिशोबाचा माणूस, पेन्सिल चालवल्याशिवाय राहवेना. ते एकेक आकडा बोलायला लागले. “तीन आठ. तीन दहा. चार फूट... नवव्यात एकदम चार इंच वाढायलीय पोरगी. अकराव्यात पाच फूट एक.” ते थांबले. “आता पुस्तकातली लेकरं कधी वाढतेत का मॅडम?”

नवव्यात एकदम चार इंच. राजेश्रीचं आठवीचं वर्ष. दिवाळीनंतर शाळेचा स्कर्ट आखूड झाला म्हणून आईने खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडली होती आणि ती वर्गात रडली होती. राजेश्री उठली. पिशवीतला टेप आहे का तेवढं चाचपलं आणि काही न सांगता शटरखालून वाकून बाहेर पडली.

बाहेर ऊन मऊ झालं होतं. ती चालत होती आणि डाव्या हाताला, घरांच्या मागून, आभाळ्या तिच्यासोबत चालत होता. पाण्याची टाकी त्याच्या कमरेला लागत होती. तिने मान वर करून पाहिलं नाही. लहानपणीही ती बघत नसे, बघितलं की तो जातो हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं. फाटकापाशी तो थांबला, मालगाडी जाऊ दिली आणि रूळ ओलांडताना पाय उचलला तो अगदी सांभाळून, कंबर धरून, मणक्यात गॅप असलेल्या माणसासारखा. राजेश्रीला एकदम रडूच आलं.

घरी अण्णा खुर्चीतच होते. मान छातीवर पडलेली, डोळा लागलेला. ती सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. या चौकटीची एक हातभर उंचीची पट्टी अण्णांनी कधीच रंगवू दिली नव्हती. दर दिवाळीला रंगाऱ्याशी वाद व्हायचा. तिथे तिला उभं करून, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून ते शिसपेन्सिलीने रेघ मारायचे. ‘नीट उभी ऱ्हा, टाच उचलू नको.’ तिला वाटायचं, की हे शाळेच्या कपड्यांचं माप. प्रत्येक रेघेशी एक आकडा होता. एक, दोन, तीन, असा थेट अकरापर्यंत. ते आकडे कशाचे, हे तिने इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

तिने टेप लावला. एकपाशी तीन फूट आठ इंच. आठ आणि नऊमध्ये चार इंच. अकरापाशी पाच फूट एक.

“काय मोजायलीस गं?” मागून आवाज आला.

“टिकली,” ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“केस तेवढे बारीक केले व्हते,” अण्णा म्हणाले. “तुझ्या वेण्या घालाव्या तर शाळेत वळखलं असतं कुनीतरी.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुला वाटलं असतं, बापाला खरं उचलता येईना, म्हणून चित्रात उचलायलाय.” त्यांनी चांगल्या हाताने तोंड पुसलं. “खरंच व्हतं ते. लाज वाटायची राजू.”

“अन् अकरा अंकांवर बंद का केलं?”

“पाच फुटाची पोरगी हातावर कशी बसवायची? तिला खाली उतरवायला पायजे व्हतं. मला काढता येईना ते.”

राजेश्री खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. बोलायचं बरंच होतं, पण दिवस कलला होता आणि अण्णा सकाळपासून एका जागी बसलेले होते. पाय सुजले होते.

“अण्णा, आभाळ्या पावणेसदतीस फूट. शेवटपर्यंत. एक इंच कमी झालेला न्हाई, मी मोजलंय. वाढली ती टिकली.” ती खुर्चीवर वाकली. “एवढी वाढवलीत तिला, ती काय नुसतं बसायला?”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराच्या चौकटीकडे. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि तिच्या मानेभोवती टाकला.

“कमरंतून वाकू नको,” ते तिच्या कानाशी म्हणाले. “आभाळ्या कसा उचलतो? पह्यले गुडघे.”

तिने गुडघे दुमडले. एक हात त्यांच्या पाठीमागे गेला, दुसरा मांडीखाली. अण्णांच्या सदऱ्याला बामचा वास येत होता. ती उठली, आणि अण्णा उठले. तिला वाटलं होतं त्याच्या निम्मंही वजन नव्हतं.

पलंग चार पावलांवर होता. ती जरा लांबच्या वाटेने, त्यांना जत्रा दाखवत असल्यासारखी खिडकीच्या कडेकडेने गेली.