हिरव्या टेपचे तीन वेढे

बसा, थंडोबाची गोष्ट सांगतो. फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, त्यात चालणं-बोलणं सगळं निवांत, म्हणून लोकांनी पाडलेलं नाव. पण त्या दिवशी वाईनच्या गार कपाटात अर्धा आत शिरलेला असताना त्याच्या पाठीला घाम फुटला होता.

कपाट एका हॉटेलातलं. मालकीणबाईंच्या वडिलांनी हयातभर जमवलेल्या चाळीस बाटल्या त्यात. सकाळी बाईंनी एक उघडली तर आंबट. दुसरी तशीच, तिसरीही. बाहेरच्या पडद्यावर मात्र आकडा बारा, हवा तेवढाच. बाईंनी काढायचा तो अर्थ काढला. मशीन ठीक आहे, म्हणजे मामाच दार उघडं टाकतात. मामा म्हणजे तिथले जुने वाढपी, बावीस वर्षं किल्ली त्यांच्याकडे. आता ती किल्ली टेबलावर होती आणि मामांची कपड्यांची पिशवी दाराशी. थंडोबाने नुसतं मशीन ठीक म्हणायचं, की मामा घरी.

त्याने आपला थर्मामीटर आत ठेवला. एकोणीस. मग आतली थंडी मोजणारा सेन्सर ओढून बर्फाच्या पाण्यात बुडवला. पडद्यावर शून्य यायला हवं, आलं उणे सात. म्हणजे सेन्सर खोटं बोलत होता. आत गरम असताना गार सांगत होता आणि मशीन बिचारं ते ऐकून गप्प बसत होतं.

मामांना टॉर्च धरायला सांगून त्याने मागचा पत्रा काढला, आणि हात तिथंच थांबला. वायरला हिरवी टेप. तीन वेढे, टोक आत दुमडलेलं. असं टोक दुमडणारा या धंद्यात एकच माणूस, तो स्वतः.

दोन वर्षांपूर्वी कंपनीचा सेन्सर मिळेना, म्हणून त्याने साध्या फ्रिजचा ठोकून दिला होता. आकडा जुळेना, तर वायरीत एक रेझिस्टन्स घालून जुळवला. आठ दिवसांत खरा आणून बसवू, असं मनाशी म्हणाला. ते आठ दिवस अजून चालूच होते, आणि जुळवलेला आकडा मधल्या काळात हळूहळू घसरला होता.

मामा टॉर्च धरून हळूच म्हणाले, "राहिलं असेल का रे माझ्याकडून उघडं? हल्ली चष्मा कुठं ठेवला तेही आठवत नाही. राहिलं असेल. बाई उगाच कशाला म्हणतील?"

खरा सेन्सर आज थंडोबाच्या हत्यारांच्या पिशवीत होता. दोन मिनिटांचं काम. टेप खिशात, पत्रा जागेवर, कोणाच्या बापाला कळलं नसतं.

तेवढ्यात बाई आल्या, झालं का म्हणाल्या. त्याने मधली वाट धरून पाहिली, सेन्सर गेलाय, जातात कधी कधी.

"तुम्हीच बदललात ना? कंपनीचाच आहे म्हणाला होतात." बाईंनी मामांकडे पाहिलं. "की दार उघडं राहून राहून गेला?"

"असेल, बाई," मामा म्हणाले. मान खाली.

थंडोबाने पक्कड घेतली, वायर कापली आणि टेपसकट टेबलावर ठेवली.

"कंपनीचा नव्हता, बाई. साध्या फ्रिजचा आहे. आकडा मी जुळवला होता. बाटल्या माझ्यामुळं गेल्या, मामांमुळं नाही."

बाईंनी ती वायर उचलून पाहिली, परत ठेवली. म्हणाल्या, "बाबांचं एवढंच होतं माझ्याकडे."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने खरा सेन्सर बसवला, आकडा एकोणीसवरून बारावर उतरेपर्यंत उभा राहिला. परत येऊ नका, एवढं बाईंनी सांगितलं. मामांनी पिशवी उचलली आणि आत नेली. त्याच्याकडे बघितलंही नाही.

बातमी फिरली, त्याची आणखी चार ठिकाणं सुटली. हल्ली तो मागच्या गल्लीत बसतो. तुमचं काही बिघडलं तर त्याला बोलवा. पत्रा लावायच्या आधी तो म्हणेल, या, आत काय बसवलंय ते बघा. तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळणार नाही, घाईतही असाल. तरी जरा वाका, आणि बघा.