वास येतो का?

तिला सगळे नाकवाल्या बाई म्हणत. नाक तसं चारचौघींसारखंच होतं. पण माणसांना वास का येईनासा होतो, या एका प्रश्नाच्या मागे तिनं अर्धं आयुष्य घालवलं होतं. त्या विषयात तिचा शब्द शेवटचा, असं लोक मानत. तीही मानत असे, हे सांगायलाच हवं.

प्रयोगशाळेत बाईंचा स्वभाव लोण्यासारखा. सर्दीतापानंतर, डोक्याला मार लागून किंवा नुसतं वय झालं म्हणून वास गमावलेली माणसं समोर येऊन बसत. ती त्यांचे डोळे बांधी आणि नाकाखाली एकेक पेन धरी. ही पेनं लिहायच्या पेनांसारखीच दिसत, पण आत शाईऐवजी वास भरलेला. तीन पेनांपैकी एकातच वास, बाकीची दोन कोरी. वासाचं कुठलं, ते ओळखायचं. "वास येतो का?" ती हळू आवाजात विचारी. समोरचा ओशाळून "नाही" म्हणाला की ती म्हणे, काही हरकत नाही, अंदाजानं ठोकून द्या. कारण उत्तर द्यावंच लागे, तसा चाचणीचा नियमच होता. कुणाला रडू फुटे, ती शांतपणे ऐकून घेई. बाईंच्या जिवात काय माया आहे, असं लोक जाताना म्हणत. होतीच माया. फक्त संध्याकाळी घरी येताना ती टेबलाच्या खणात राहून जात असावी.

घरी तिचे वडील होते. त्यांनी जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला. शर्टाची इस्त्री कधी मोडली नाही की कॉलर मळली नाही. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि हळूहळू सगळं बिघडत गेलं. एकच शर्ट दिवसचे दिवस अंगावर. नासलेलं दूध तोंड वाकडं न करता प्यायले. एकदा गॅसवरचं पातेलं करपून काळं झालं, घरभर धूर, आणि हे शेजारच्या खोलीत कोडं सोडवत निवांत बसलेले. रस्त्यावरच्या माणसानंही दोन आणि दोन चार केले असते. आमच्या विदुषींनी निष्कर्ष काढला की बाबा म्हातारपणी आळशी झाले आहेत आणि मुद्दाम हट्टीपणा करतात.

मग एका रविवारी तिची सहकारी मंडळी घरी जेवायला आली. बाबा हौसेनं त्यांच्यात येऊन बसले, तोच घामट शर्ट घालून. थोड्या वेळानं एकजण काही न बोलता उठला आणि त्यानं खिडकी उघडली. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहणं टाळलं, ते तिला जास्त लागलं. आपलं नाक कापलं गेलं, असं तिला झालं. पाहुण्यांची पाठ वळताच ती बाबांवर तुटून पडली.

"अहो बाबा, वास येत नाही का तुम्हाला?"

बाबांनी बाही नाकाशी नेली. हुंगली. मग दुसरी हुंगली.

"नाही गं," ते म्हणाले.

उलट उत्तरं देऊ नका, असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

त्या दिवसापासून बाबा दोनदा आंघोळ करू लागले. वर एक अत्तराची बाटली आणली आणि अंगावर पाण्यासारखं शिंपडू लागले. किती झालं म्हणजे पुरे, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. तिनं कपाळावर हात मारला आणि सोडून दिलं.

असेच अत्तरात न्हालेले बाबा एका सकाळी प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले. ती चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला. त्या खोलीत साबणसुद्धा बिनवासाचा वापरत. बाबा आत आले आणि सकाळच्या सगळ्या चाचण्या वाया गेल्या. खुर्चीवर डोळे बांधलेला माणूस, दाराशी ताटकळलेले चौघे, सहकारी, सगळ्यांसमोर तिचा तोल गेला.

"तुम्हाला काही कळतं का? बाहेर जा आधी. दूर जाऊन बसा."

बाबांनी चष्मा टेबलावर ठेवला, काचेला बोट लागलं होतं ते रुमालानं पुसलं आणि गेले.

तिच्या हाताखाली एक मुलगी काम करत होती, सगळे तिला चिमणी म्हणत. ती पाणी घेऊन त्यांच्या मागे गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा हातात पेनांचा दुसरा संच होता. आजोबांनीच लाजत लाजत विचारलं, मलाही तपासाल का, म्हणून चिमणीनं टोकाच्या रिकाम्या खोलीत त्यांना बसवलं होतं.

"मॅडम, त्यांना काहीच येत नाही. सगळी ठोकून दिलेली उत्तरं आहेत. दर वेळी सॉरी म्हणत होते."

बाईंनी तिच्या हातातून संच घेतला. चिमणी पुढे म्हणाली,

"मी विचारलं, घरी कधी सांगितलं नाही का? तर म्हणाले, सांगितलं होतं. तिनं एकदा विचारलं होतं, तेव्हाच सांगितलं."

तिनं कधी विचारलं होतं? तिला आठवेना. आणि मग आठवलं. नको नको म्हणताना आठवलं, दोन्ही बाह्यांसकट. दिवसभर परक्यांना मऊ आवाजात विचारायचा तो प्रश्न घरात तिनं टोमणा म्हणून फेकला होता. बाबांना मात्र तो प्रश्नच वाटला. त्यांनी शहानिशा करून खरं उत्तर दिलं होतं, आणि या विषयातल्या जाणकार बाईंनी त्याला उद्धटपणा म्हटलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिमणी समोर उभी होती, तिच्याकडे बघायचीही लाज वाटली.

ती व्हरांड्यात गेली. बाबा अगदी टोकाच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून बसले होते, बाहेर काढलेल्या विद्यार्थ्यासारखे. काय बोलायचं ते तिनं चालता चालता जुळवलं होतं. आजाराचं नाव, पुढच्या तपासण्या, उपाय होण्याची शक्यता. पण जवळ पोचल्यावर ती नुसतीच त्यांच्याशेजारी बसली.

बाबा लगबगीनं उठले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

"बस तू," ते म्हणाले. "मी इथे बरा आहे. मला समजत नाही ना, तुला किती त्रास होतो ते."