ठिपक्यांची ओळ

अरुंधतीबाईंनी आठ वर्षं खर्ची घालून अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक ग्रीक नाटक मराठीत आणलं होतं, तेही थेट मूळ ग्रीकवरून. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, तळेगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी ग्रीक व्याकरण केलं. सगळं नाटक मराठीत आलं, फक्त एक ओळ आली नाही. ती मुळातच उरली नव्हती. जुन्या हस्तलिखितात नेमकं तेवढं कसरीनं खाल्लं होतं.

आणि खाल्लं तेही नको तिथं. लढाईवरून एक दूत धावत येतो आणि गावातला तरणा मुलगा पडल्याची बातमी एका सुरात बोलणाऱ्या बायकांच्या वृंदाला सांगतो. त्यावर बायका एक ओळ बोलतात, तीच गेलेली. मग दूत म्हणतो, 'त्या दारापर्यंत गेलो. पुढे पाय धजले नाहीत.' पंडितांच्या मते हे दार शत्रूच्या नगरीचं, आणि दूत आपल्या भित्रेपणाची कबुली देतोय. गेलेल्या ओळीच्या जागी त्यांनी देवाला घातलेल्या हाका सुचवल्या होत्या. बाईंना त्यातली एकही पटली नाही. स्वतःच्या चाळीसेक ओळी त्यांनी लिहून खोडल्या. सोमवारी पुस्तक छापायला जाणार होतं आणि बाराव्या पानावर अजून ठिपकेच होते. आठ वर्षांच्या कामाला हे भोक पडलेलं ठेवायचं, या विचारानं बाईंचा जीव तुटत होता.

आज शनिवार. लोणावळ्याच्या व्याख्यानमालेत आजची संध्याकाळ ग्रीक साहित्याची होती. ती गेली चार वर्षं बाईंचीच असे. मागच्या वर्षी अकरा श्रोते आले होते, त्यात एक माइकवाला. "मॅडम, पुढच्या वर्षी या दिवशी मधुमेह ठेवू या का?" असं कार्यवाह धवलनं फार अदबीनं विचारलंही होतं.

म्हणून या वर्षी बाईंनी हट्टानं नाटकाचं वाचन ठेवलं, आणि वृंदासाठी कामशेतचं महिला भजनी मंडळ गाठलं. कॉलेजच्या मुलींना घेऊन पाहिलं होतं, पण त्या म्हणायला लागल्या की स्टेशनवरची घोषणा ऐकतोय असं वाटे. भजनी मंडळानं मात्र पहिल्याच गुरुवारी देवळात बसून ओळींना चाल लावून टाकली.

"पर ह्ये हाय कुठल्या देवाचं?" टाळ पुसत बयाबाईंनी विचारलं होतं. मंडळात वयानं त्याच सगळ्यांत मोठ्या.

"ग्रीक लोकांचा एक देव होता, द्राक्षाच्या दारूचा. त्याच्या उत्सवात अशी नाटकं व्हायची."

"त्याचे भगत आमच्याकडं बी लय हायेत," बयाबाई म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटं तालीम काही झाली नाही.

दूताचं काम बाईंच्या जुन्या विद्यार्थ्याकडे, सुहासकडे होतं. त्याला बँकेतून सुट्टी मिळेना, त्यामुळे त्याच्या तालमी रविवारी तळेगावात झाल्या आणि बायकांच्या गुरुवारी कामशेतला. बायकांना फक्त त्यांच्या ओळी पाठ होत्या. ठिपक्यांच्या जागी बाईंनी सांगून ठेवलं होतं, "इथं काही म्हणायचं नाही. तीनदा टाळ वाजवायचे आणि थांबायचं."

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. मंडळातल्या बायकांची घरची माणसं दोन टेम्पो भरून आली होती, खुर्च्या पुरेनात म्हणून धवल सतरंज्यांसाठी पळत होता. मंडळ एकसारख्या मोरपंखी साड्यांत उभं राहिलं. मंडळाच्या प्रमुख नंदाबाईंनी पहिली ओळ उचलली, मागच्यांनी ती झेलली, आणि बाजूला संहिता धरून बसलेल्या बाईंच्या अंगावर शहारा आला. आपलं मराठी एवढं मोठं होऊन परत येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मग लोकांमधून वाट काढत सुहास धावत आला. त्याला धाप लागली होती, ती खरीच असावी. त्यानं सांगितलं, तो मुलगा कसा पडला, शेवटी पाणी मागत होता, आणि ते द्यायला जवळ कुणी नव्हतं. बायका हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. बयाबाईंचे टाळ हातातच राहिले.

आता तीनदा टाळ वाजायला हवे होते. वाजले नाहीत. बाईंनी मनाशी म्हटलं, विसरल्या. सगळं मुसळ केरात.

नंदाबाई दोन पावलं पुढे आल्या आणि सुहासला म्हणाल्या, "त्याच्या आईला कुणी सांगितलं का रं?"

सुहास गांगरला. त्यानं बाईंकडे पाहिलं, बाईंनी संहितेकडे. तिथं ठिपके होते. शेवटी बिचाऱ्यानं आपली पुढची पाठ असलेली ओळ म्हटली.

"त्या दारापर्यंत गेलो. पुढे पाय धजले नाहीत."

सतरंजीवरच्या बायकांमधून एक हुंदका आला. बाई ताडकन उभ्या राहिल्या. शत्रूच्या नगरीचं दार कसलं घेऊन बसलोय आपण. ते आईचं दार होतं. आठ वर्षं डोळ्यांसमोर होतं. आणि लगेच पुढची ओळ वृंदाची, जी पंडितांना कधी नीट लागली नव्हती, ती नंदाबाईंनी उचलली: 'उठा गं बायांनो, आता ही वाट आपली.' मंडळ खरोखरच चालायला लागलं. बाई रडत होत्या आणि त्यांना हसूही येत होतं. आनंदानं त्यांना काय करावं सुचत नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर नंदाबाई ओशाळून जवळ आल्या. "बाई, माजं चुकलं. टाळ ऱ्हायले."

"तुम्ही ते का विचारलंत?"

"आता काय सांगू. सांगावा आला की पयलं तेच ठरवत्यात न्हवं, आईला कोण सांगणार? गडीमाणसं दारातनं मागं फिरत्यात. मग आमीच जातो. म्या तीनदा गेलीया."

धवल मधे येऊन सांगून गेला की मधुमेहाचं पुढं बघू. बाईंनी पर्समधून पेन काढलं, बाराव्या पानावरचे ठिपके खोडले आणि त्यावर ती ओळ लिहिली, नंदाबाईंनी म्हटली तशीच, शेवटच्या 'रं'सकट.

"पुरं नाव सांगा तुमचं."

"ते कशाला?"

"खाली टीप द्यायचीय," बाई म्हणाल्या, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागल्या, "ही ओळ हस्तलिखितात नष्ट झाली होती. ती कामशेतला मिळाली."