खालची वाट

"खिडकी लाव आधी," सेत्ती जौहर म्हणाली. "उजेडात मी तोंड उघडणार नाही."

"सेत्ती, भरदुपार आहे. खिडकी लावली म्हणजे काय रात्र होते?" दिहियाने विचारलं.

"माझी होते. दिवसा गोष्ट ऐकून तुमच्या डोक्यांत खवडे झाले, की तुमच्या आया माझ्याच नावानं खडे फोडतील."

पोरी खिदळल्या. जौहरला सगळ्या सेत्ती, म्हणजे आजी, म्हणत. सेकुराने उठून खिडकीची झापं ओढली, फक्त आपल्या कागदापुरती फट ठेवली. इघिल झान गावात गोष्टी रात्रीच सांगायच्या हा रिवाज. त्याला सगळे हसत आणि सगळे पाळतही. पण रात्री पोरींना घराबाहेर कोण सोडणार? म्हणून शुक्रवारी दुपारी सेकुराच्या शिवणाच्या खोलीत अशी रात्र केली जाई.

सेकुराने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नाचे झगे शिवण्यात काढलं होतं. पिवळे, शेंदरी, काठाला नागमोडी पट्ट्यांचे. पंचक्रोशीतल्या किती नवऱ्या तिच्या मशीनखालून गेल्या. ती स्वतः मात्र राहिली ती राहिलीच. आधी आईचं दुखणं, मग भावाचा संसार, मग भाऊ बायकापोरांना घेऊन फ्रान्सला गेला आणि घरात ती आणि मशीन उरली. मशीनसमोरच्या खिडकीतून रान दिसे. ज्यांच्या सालीची बुचं होतात त्या ओकांचं, डोंगराच्या खांद्यापर्यंत चढत गेलेलं. पन्नाशीला आल्यावर एके दिवशी तिने झगे गुंडाळायचे कागद कापले, दुमडले, शिवले आणि त्यांची वही केली. पहिल्या पानावर एक पान टाकलं, ओकाचं, धाग्यानं टाचून. का टाचलं ते तिला सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी तिनं दुपारचं जेवण विसरून काम केलं, आणि असं तिच्याकडून आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मग वही वाढत गेली. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, ओकावरच्या गाठी उकळून केलेली काळी शाई, बुचाचा चुरा, मेंढीची लोकर. आणि सेत्ती जौहरच्या गोष्टी. सेत्तीला अक्षर येत नव्हतं आणि अलीकडे नीट दिसतही नव्हतं. ती सांगे, सेकुरा काढी. झाडांच्या ढोलीत राहणारी राक्षसीण तेरियेल, तिचे झिंज्यांसारखे केस काळ्या लोकरीचे. कोणत्या झाडाचा राखणदार कोण, कुणापुढे दिवा लावायचा, कुणाच्या सावलीत लघवीला बसायचं नाही, सगळं त्या वहीत आलं. पोरी आधी डोकवायला आल्या, मग आपापले कागद घेऊन बसायलाच लागल्या. दर्जीण म्हणून जिला गाव ओळखत होतं तिला आता लोक "रानाच्या वहीवाली" म्हणत, आणि ते ऐकलं की सेकुरा मान खाली घालून हसत असे.

त्या शुक्रवारी सेत्तीनं जुन्या ओकाची गोष्ट सांगितली. रानाच्या वरच्या अंगाला, कातळाजवळ तो उभा होता. बायका त्याच्या फांद्यांना चिंध्या बांधत. गोष्ट अशी, की तेरियेलनं दोन पोरक्या भावंडांमागे आग सोडली. पोरं धावत धावत त्या ओकाखाली येऊन पडली. तेव्हा झाडाच्या राखणदारानं काठीनं भोवती एक रिंगण ओढलं. आग रिंगणापाशी आली, वाकली आणि परत फिरली.

"तेव्हापासून त्याच्याखाली बसेल त्याला आग शिवत नाही," सेत्ती म्हणाली. "गोष्ट संपली. आता माझी कॉफी."

सेकुरानं ते चित्र मन लावून केलं. झग्यांना लावायची सोनेरी जर होती, ती टाक्याटाक्यानं रिंगणावर बसवली. आत दोन पोरं, हात धरून. दिहिया तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. अकरा वर्षांची, कडक प्रश्न विचारणारी पोर. पोरी सेकुराला खाल्ती म्हणत, म्हणजे मावशी.

"खाल्ती, खरंच शिवत नाही?"

सेकुराच्या दातांत धागा होता. तो तोडत ती म्हणाली, "खरंच."

दिहियानं घरी जाऊन तसंच चित्र आपल्या कागदावर काढलं. जर नव्हती म्हणून चॉकलेटचा सोनेरी कागद चिकटवला आणि धाकट्या भावाला, मास्सीला, सगळी गोष्ट सांगितली. हे सेकुराला दिहियाच्या आईकडून, ताऊसकडूनच कळलं. "दोघं दिवसभर आग-आग खेळतायत," ताऊस पाणवठ्यावर म्हणाली होती. "मास्सी आग होतो आणि वाकून परत जातो. तुझ्यामुळे घरात डोकं उठलंय माझं." असं म्हणून ती हसली होती.

ऑगस्टात आग लागली. आधी पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला, आणि अशा धुराची गावाला सवय होती. पण दक्षिणेचं गरम वारं सुटलं होतं. जेवणं व्हायच्या आत आग दरी ओलांडून अलीकडे आली. पुरुष गल्ल्यागल्ल्यांतून ओरडत सुटले, "खाली! सडकेकडे! सगळे खाली!" सडकेवर गाड्या उभ्या होत्या, माणसं मिळेल तिच्यात चढत होती. सेकुरानं वही छातीशी धरली, सेत्ती जौहरला दंडाला धरून ओढत खाली आणलं.

ताऊस तेव्हा खालच्या बांधावर अंजिरं काढत होती आणि पोरं घरी होती. ती गावाकडे पळाली तर माणसांनी तिला अडवलं. "पोरं शेजाऱ्यांबरोबर येतायत, तू गाडीत बस!" शेजारी आले. पोरं नव्हती. शेजारीण म्हणाली, मी दार ठोठावलं, घर रिकामं होतं, मला वाटलं तूच नेलंस.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावांतून मदतीला आलेल्या मुलांना ती दोघं सापडली. कातळाजवळ, जुन्या ओकाखाली. दिहिया मास्सीवर ओणवी झाली होती.

नवल असं, की गाव वाचलं. वाऱ्यानं तोंड फिरवलं आणि आग घरांच्या वरच्या अंगानं निघून गेली. ताऊसचं घर जसंच्या तसं होतं. दोरीवर मास्सीची चड्डी वाळत होती. पोरं घरात बसून राहिली असती तरी जगली असती.

पोरांचा बाप, आरेझ्की, दक्षिणेत वाळवंटात तेलाच्या विहिरींवर कामाला होता. तो येईपर्यंत माती होऊन गेली होती. तो अंगणात बसे आणि कोणी आलं की उभा राही, पुन्हा बसे. आणि आत बायकांच्या घोळक्यात ताऊस एकच विचारीत होती.

"वर का गेली ती?"

"धूर होता गं. दिशा कळली नसेल."

"घराच्या दारातून सडक दिसते. सगळं गाव खाली धावत होतं. माझी पोर वर का गेली?"

"बकरीमागं गेली असतील."

"बकरी माझ्याबरोबर होती."

कोणी म्हणालं, लिहिलेलं होतं. कोणी म्हणालं, देवाला प्यारी झाली. ताऊस प्रत्येकीचं ऐकून घेई आणि पुढच्या बाईकडे वळे. "तू सांग. वर का गेली?" सेकुरा कॉफीचं तबक घेऊन उभी होती. ताऊसची नजर तिच्यापाशी आली तेव्हा कपबशा वाजायला लागल्या. शेजारणीनं तिच्या हातून तबक काढून घेतलं. "बस गं तू. तुझा जीव होता पोरीवर."

त्या संध्याकाळी ती सेत्ती जौहरकडे गेली. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"सेत्ती, मी तिला सांगते."

"काय सांगतेस?"

"तुला माहीत आहे."

म्हातारीनं पांघरूण खांद्यावर ओढलं. मग म्हणाली, "माझ्या आजीनं मला सांगितली होती ती गोष्ट. मी माझ्या पोरांना सांगितली. कधी कोणी गेलं नाही गं त्या झाडाखाली. आम्ही गोष्ट ऐकायचो आणि झोपायचो."

"तिनं मला विचारलं होतं. खरंच का, म्हणून."

"नको सांगू. न कळणं एवढं तरी तिच्यापाशी राहू दे."

"ती आता रस्त्यावरच्या माणसाला विचारते, सेत्ती."

"मग तिच्यासाठी सांगतेयस की स्वतःसाठी?"

सेकुरा उठून घरी आली. ती मातीनंतरच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत थांबली. चाळिसाव्याचं जेवण झालं, आरेझ्की कामावर परत गेला, तेव्हा ती वही शालीखाली घेऊन ताऊसच्या घरी गेली. ताऊस चुलीपाशी पिठाचं भांडं पुढे घेऊन बसली होती. पीठ कोरडंच होतं.

सेकुरानं उभ्याउभ्याच सांगितलं. गोष्ट, रिंगण, दिहियाचा प्रश्न, आपलं उत्तर. बसून सांगायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

"दाखव," ताऊस म्हणाली.

तिनं पान उघडलं. ताऊसनं पिठाचा हात झटकला आणि जरीच्या रिंगणावरून बोट फिरवलं, पूर्ण, जिथून सुरू केलं तिथपर्यंत.

"म्हणजे ती चुकली नव्हती," ती हळूच म्हणाली. "मी रोज देवाला म्हणत होते, माझी पोर वाट चुकली. ती चुकली नव्हती. भावाला घेऊन बरोबर जागी गेली ती."

"ताऊस..."

"तू तिला खरं म्हणून सांगितलंस?"

"हो."

"तुला खरं वाटत होतं?"

सेकुरानं मान हलवली. नाही.

ती मारेल, ओरडेल, केस धरून अंगणात ओढेल, याची तयारी करून सेकुरा आली होती. ताऊसनं वही मिटली, तिच्या हातात दिली आणि पिठात पाणी ओतायला लागली. "जा," एवढंच म्हणाली.

ताऊसनं ते कोणाला सांगितलं नाही. सेकुरा वाट बघत राहिली, आज गाव दारावर येईल, उद्या येईल. उलट पाणवठ्यावर बायका तिला पुढे जागा देत. गावच्या मंडळाची माणसं येऊन म्हणाली, रान तर गेलं, आता तुझी वही तेवढी उरली. मोठ्या खोलीत काचेखाली ठेवू, बाहेरून लोक बघायला येतील. ती नाही म्हणाली तर त्यांना तो तिचा साधेपणा वाटला. शुक्रवारी पोरी यायच्या, दार वाजवायच्या. "खाल्ती, आम्ही आलोय." ती मशीनपाशी श्वास रोखून बसे. काही शुक्रवार गेल्यावर पोरी यायच्या थांबल्या. हिवाळ्याच्या तोंडाशी सेत्ती जौहर गेली. शेवटी शेवटी नातवंडं तिला गोष्ट सांग म्हणायची, तर ती म्हणे, मला एकही येत नाही.

बर्फ पडण्याआधीच्या एका सकाळी सेकुराचं दार उघडंच होतं, आणि ताऊस सरळ आत आली. वाळली होती. झगा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. ती पोरी बसायच्या त्या चटईवर बसली.

"रंग आहेत का तुझ्याकडे अजून?"

"आहेत."

"मग घे कागद. आमचं घर काढ."

सेकुरानं कागद पुढे ओढला. तिनं घर काढलं. दार, पायरी, पायरीपुढचं डाळिंबाचं झाड.

"दोघांना काढ. दारात."

"मला नाही जमणार, ताऊस."

"जमेल. तुला जमतं." आवाज चढला नव्हता. "मास्सीच्या पायात निळ्या सपाता होत्या. तिनं केस बांधलेले नव्हते, मी ओरडले होते त्यावरून. हात धरलाय तिनं त्याचा. हां. आता वाट काढ. खालची."

सेकुरानं घरापासून वाट काढली. ताऊस शेजारी वाकून बघत होती आणि सांगत होती. इथे बेलाईदचं दुकान. इथे वळण. इथे पायऱ्या आहेत, इथे तो नेहमी उडी मारतो, उडी मारताना काढ. पुन्हा त्यांना काढ. अगं, दुकानापाशीच सोडू नकोस त्यांना, पुढे आण. सेकुरा प्रत्येक वळणावर दोघांना पुन्हा काढत होती. निळ्या सपाता, मोकळे केस. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून बाहीनं पुसत होती. ताऊस रडत नव्हती. तिचं सगळं ध्यान वाटेकडे होतं.

"लवकर," ती म्हणाली. "भराभर आण त्यांना."

मशिदीमागची उतरण आली, शाळेची भिंत आली, कुंपणाचं निवडुंग आलं. सडकेच्या अलीकडे, दोन वळणं राहिली असताना, कागद संपला.

सेकुरानं ब्रश उचलला आणि ताऊसकडे पाहिलं.

"थांबतेस काय?" ताऊस म्हणाली. "दुसरा जोड."

सेकुरानं नवा कागद काढला, पहिल्याच्या काठाला लावला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.