देठाला एकच फळ

आत्याला आपल्या भाचीचं भारी कौतुक, आणि ते लपवायला तिला कधी जमलं नाही. दातांचा दवाखाना चालवायची तेव्हा खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटलाही ती ऐकवायची, "माझी भाची वनस्पतिशास्त्रज्ञ आहे बरं का. विद्यापीठात!" तोंडात आरसा आणि कापूस असताना पेशंट बिचारा काय बोलणार? मान हलवायचा.

वय झालं तसा दवाखाना बंद केला आणि आत्याने स्वतःच झाडं ओळखायचा नाद लावून घेतला. तेव्हापासून भाचीच्या फोनला उसंत नव्हती. एका पानाचा फोटो, तोही हललेला, आणि खाली प्रश्न: "हे काय?" कधीकधी प्रश्नही नाही, थेट निकाल: "हा रानपुदिना. बरोबर ना?" बहुतेक वेळा बरोबर नसायचं.

"आत्या," एकदा भाची म्हणाली, "तू एक्स-रे न काढता दात उपटायचीस का गं?"

"काहीतरीच काय!"

"मग झाडाला नाव देताना एवढी घाई का? पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? मोडल्यावर चीक येतो का? फुलं झुपक्यात की एकेकटी? शेजारी आणखी कोण उभंय? एवढं बघ, मग नावाकडे वळ."

आत्याला ते झोंबलं. दोन दिवस तिने फोटोच पाठवला नाही. मग पाठवला तो असा, की फांदी, देठ, पानाची मागची बाजू, सगळं स्वच्छ, आणि शेजारी मापाला दात तपासायचा जुना आरसा. भाचीने तो फोटो वर्गात मुलांना दाखवला. "नमुन्याचा फोटो असा काढायचा," एवढंच म्हणाली. कोणाचा, ते सांगितलं नाही.

मग एके दिवशी, भाचीचा वर्ग चालू असताना, मुलांच्या हॉस्पिटलमधून फोन आला. विषबाधेची शंका आली की तिथले डॉक्टर भाचीला विचारत.

"मॅडम, दोन वर्षांची मुलगी आहे. अंगणात खेळताना तोंडात काळं फळ सापडलं. आईने उरलेला चोथा आणलाय, फोटो पाठवलाय. मुलगी आत्ता तरी छान हसतेय. घरी सोडू का?"

भाचीने फोटो मोठा करून पाहिला. जांभळा लगदा आणि बारीक बिया, बाकी काही नाही.

"नका सोडू, डॉक्टर. कामोणी, ते कुठेही उगवणारं तण, असेल तर फारसं भिण्याचं कारण नाही. पण बेलाडोनाचं फळही चिरडल्यावर असंच दिसतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. एवढ्यावरून मी सांगू शकत नाही. झाड बघायला हवं. पत्ता द्या."

पत्ता भाचीच्या ओळखीचा होता. आत्याच्या घरामागचीच ती इमारत. भाची स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, म्हणून तिने लगेच आत्याला फोन लावून सगळं सांगितलं.

आत्या चप्पल घालतच बोलत होती. "आलेच मी तिथे. तू फोन ठेवू नकोस."

अंगणाच्या भिंतीशी गुडघ्याएवढी कामोणी माजली होती. बारीक पांढरी फुलं, काळ्या मण्यांचे झुपके. हे झाड आत्याने झोपेतही ओळखलं असतं. शब्द अगदी जिभेवर आला. पण तिने तो गिळला आणि तिथे उभ्या असलेल्या मुलीच्या आजीला विचारलं, "बाळ नेमकं कुठे बसलं होतं?"

आजीने भिंतीचा कोपरा दाखवला.

आत्या कामोणी बाजूला सारत कोपऱ्यात शिरली. तिथे मागे आणखी एक झुडूप होतं, तिच्या छातीएवढं.

"अगं, ऐक. इथे दुसरं झाड आहे. फळ काळं, चकचकीत, कामोणीपेक्षा बरंच मोठं. झुपका नाही. देठाला एकच फळ. फळाखाली पाच टोकांची हिरवी चांदणी, फळाबाहेर पसरलेली. फूल घंटेसारखं, मळकट जांभळं. फोटो पाठवलेत."

"खाली काही पडलंय का?"

आत्या गुडघ्यांवर बसली. "एक फळ पडलंय, अर्धं खाल्लेलं. थांब... पुढच्या दुधाच्या दातांच्या खुणा आहेत. अगदी स्पष्ट. हे तिनेच खाल्लंय."

भाचीने ताबडतोब हॉस्पिटलला फोन लावला. "डॉक्टर, बेलाडोना. खात्रीने. एक तोंडात सापडलेलं आणि अर्धं अंगणात खाल्लेलं, किमान दीड फळ धरून चाला."

डॉक्टरांनी मुलीला लगेच विष शोषून घेणारं कोळशाचं औषध पाजलं आणि ठेवून घेतलं. संध्याकाळी तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, गाल लाल झाले, ताप चढला. पण तोवर सगळे सज्ज होते, उपचार आधीच सुरू झाले होते. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि दूध मागू लागली.

"वेळेवर कळलं म्हणून निभावलं," डॉक्टर भाचीला म्हणाले. "घरी सोडली असती तर... जाऊ दे. पण तिथे तुमचं कोण गेलं होतं? वर्णन एकदम पक्कं होतं. विभागातलं कोणी?"

"नाही," भाची म्हणाली. "माझी आत्या." आणि त्यांनी न विचारताच पुढे सांगत सुटली, "दातांची डॉक्टर होती. झाडं आता शिकतेय. चिकाटी बघाल तर थक्क व्हाल!"

इमारतीच्या लोकांनी हातमोजे घालून ते झुडूप मुळासकट काढलं. त्याआधी भाचीने एक फांदी कापून घेतली, वाळवली, जाड कागदावर शिवली आणि आत्याला विद्यापीठात बोलावलं. विभागात अशा कागदांनी भरलेली उंच कपाटं होती. भाचीने तो कागद आत्यापुढे ठेवला. खालच्या चिठ्ठीवर, नमुना कोणी शोधला त्या जागी, आत्याचं पूर्ण नाव छापलेलं होतं.

आत्या चष्मा पुसून पुन्हा वाचू लागली.

"हे इथेच राहणार?"

"इथेच. मी निवृत्त झाल्यावरही. जगभरातून कोणीही येऊन बघू शकतं."

अख्खा जन्म तिने लोकांची तोंडं उघडली, आज तिचंच तोंड उघडेना. तेवढ्यात दारातून विद्यार्थ्यांचा एक घोळका आत आला. भाचीने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हाक मारली, "इकडे या सगळे. तुमची एका व्यक्तीशी ओळख करून द्यायचीय."

आत्याने पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली.