पिंपळीच्या अध्यक्षांची खुर्ची

मित्रांनो, पिंपळी गावच्या चावडीमागील खोलीत, खताच्या पोत्यांआड जी एक जुनी खुर्ची पडलेली आहे, ती मीच. माझा डावा पाय डुगडुगतो आणि बैठकीचा वेत उसवला आहे. तथापि एके काळी अवघे गाव माझ्याशी बोलत असे, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल.

बारामतीच्या म्हस्कू सुताराने मला सागाच्या लाकडातून घडविले. आबासाहेबांनी मला बैलगाडीतून पिंपळीस आणून आपल्या ओसरीवर ठेविले. रोज संध्याकाळी ते माझ्यावर बसत आणि त्यांचे बालमित्र मोहनराव समोर घोंगडीवर बसत. दोघे बशीतून चहा पीत व एकमेकांची टर उडवीत. माझ्या आयुष्यातील तेच दिवस सुखाचे होते.

त्या काळी कालव्याच्या चारीवर ज्यांचे मळे होते, त्यांची सभा चावडीत भरत असे. सभा कसली, कलकलाटच तो! १९५६ साली दत्तोपंत नावाचे गृहस्थ दिल्लीची नोकरी संपवून गावी परतले. त्यांनी प्रेक्षकांच्या सज्जात बसून लोकसभेचे कामकाज पाहिले होते.

ते म्हणाले, "तिथे साऱ्या देशाची भांडणे येतात, पण कोणी एकमेकांशी भांडत नाही. जे सांगायचे ते अध्यक्षांना उद्देशून. अध्यक्ष कोणत्याच बाजूचे नसतात. ते मतही देत नाहीत. मते समसमान झाली, तरच त्यांनी आपले मत द्यायचे."

गावास ही रीत पसंत पडली. हातांची खुर्ची माझ्याखेरीज गावात नव्हती, म्हणून सभेपुरती मला चावडीत नेऊ लागले. आणि आबासाहेब शब्दाचे खरे, म्हणून अध्यक्ष तेच झाले. लोक आत येताना मला वाकून रामराम घालीत. मांडीला मांडी लावून बसलेली माणसेही माझ्याकडे तोंड करून बोलत.

"अध्यक्ष महाराज, ह्या जोतीरामाला इचारा, ह्याची म्हस माझ्या वांग्यात कशी शिरली?"

"अध्यक्ष महाराज, त्येला सांगा, वांगी किडकी हुती. म्हशीनं बी थुकली!"

सभा खदखदून हसे, आणि तंटा मिटे.

पुढे एका उन्हाळ्यात कालव्याला पाणी कमी आले. चारीच्या तोंडाशी मोहनरावांचा मिरचीचा मळा होता आणि अगदी शेवटाला भामाबाईंची पेरूची बाग. शेवटापर्यंत पाणी पोचेना. भामाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महाराज, झाडं म्या लेकरावानी वाढीवली. एक डाव शेवटाकडनं पाण्याची पाळी सुरू करा. न्हायतर समदी जळतील."

"अध्यक्ष महाराज," मोहनराव म्हणाले, "माझी मिरची फुलावर हाय. पाळी लांबली तर फूल गळंल. मी काय बगत बसू व्हय?"

हात वर झाले. दत्तोपंतांनी ते पुन्हा मोजले. मते समसमान होती. सारी सभा माझ्याकडे पाहू लागली. आबासाहेबांचे तळवे घामाने ओले होऊन माझ्या हातांना चिकटले.

तेव्हा मोहनरावांनी रीत मोडली. "आबा, माझ्याकडं बग की."

आबासाहेबांनी पाहिले नाही. "सभासदानं अध्यक्षाशी बोलावं," ते हळू म्हणाले. "माझं मत शेवटाकडनं."

बाग वाचली. मिरची निम्मी गेली. मोहनराव पुन्हा ओसरीवर आले नाहीत.

आबासाहेबांच्या पत्नी फुलाबाई रोज दोन बश्या आणीत.

"दुसरी कशाला?" आबासाहेब विचारीत.

"आसू द्या. येतील भावजी."

चहावर साय धरे. भामाबाईंनी पेरूंची पाटी धाडली, ती आबासाहेबांनी परत केली. अध्यक्षाने एका बाजूचे फळ कसे खावे? त्यांनी उपकार मानून घेतले नाहीत आणि मित्रही उरला नाही. सभेत सर्वजण त्यांच्याशी बोलत. ओसरीवर कोणी बोलत नसे. त्यांचा एकटेपणा मी माझ्या पाठीवर पेलला आहे, मित्रांनो.

पुढच्या हिवाळ्यात आबासाहेब वारले. तेराव्यानंतर एके संध्याकाळी मोहनराव आले. रिकाम्या मला त्यांनी वाकून रामराम घातला.

"अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "आबाला सांगा, मिरची पुन्यांदा लावली. झ्याक आली." ते माझ्यासमोर खाली बसले. "आन् इचारा, च्या मिळंल का."

फुलाबाईंनी दोन बश्या आणल्या. एक मोहनराव प्यायले. दुसरी माझ्या हातावर निवत राहिली. मजपाशी निरोप पोचविण्यास वाचा नव्हती.

पुढे मी कायमची चावडीत आले. आता तिथे लोखंडी खुर्च्या आल्या आहेत व मी अडगळीत आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, सभांना जाल. खुर्चीतल्या माणसाने तुमच्याविरुद्ध मत दिले तर अवश्य रागवा. पण सभा उठल्यावर त्याच्या ओसरीवर जा. तो तिथे कोणाचाच अध्यक्ष नसतो. आणि सवड झाल्यास माझ्या डाव्या पायाला एक पाचर ठोका. पुन्हा कोणी माझ्यावर बसलेच, तर मी डुगडुगता कामा नये.