लिफ्टचं नाव काढायचं नाही

नवऱ्याला वळण लावायचा नाद बाईंनी केव्हाच सोडला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस पाहुण्यांना तोंडावर सांगायचा, की तुम्ही गेलात की मी जेवीन. कुणाच्या वाढदिवसाला गेला तरी गाडी दोर आणि ब्रेक यांच्यावरच घसरायची. हेकट आहे झालं, असं म्हणून बाई गप्प बसायच्या.

पण त्या जिथे काउंटर सांभाळत, त्या मुलांच्या दवाखान्यात एकदा पालकांसाठी अ‍ॅस्पर्जरवर, म्हणजे स्वमग्नतेच्या एका सौम्य प्रकारावर, व्याख्यान झालं. बोललेलं शब्दशः घेणं, नजर टाळणं, एकाच विषयात बुडून जाणं. डॉक्टरीणबाई लहान मुलांबद्दल बोलत होत्या आणि बाईंना केस पिकलेलं मूल दिसत होतं. नंतर बाईंनी हळूच नवऱ्याबद्दल विचारलं. खुणा जुळल्या म्हणून लगेच शिक्का मारायचा नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांची इच्छा असेल तर मोठ्यांना तपासणारे तज्ज्ञही असतात. म्हणजे आधी त्यांना सांगायला हवं. घोडं तिथेच पेंड खात होतं.

त्यातच मुलीची होणारी सासू पहिल्यांदा घरी यायची होती. आपल्या मुलाच्या आधीच्या दोघी मैत्रिणींना या बाईने पहिल्याच भेटीत उडवून लावलं होतं, त्यामुळे मुलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाईंनी नवऱ्याला समोर बसवून बजावलं, की नजरेला नजर द्यायची आणि काहीही झालं तरी लिफ्टचं नाव काढायचं नाही. त्याने शब्द दिला. दिलेला शब्द तो पाळायचा, एवढं मात्र खरं.

सासूबाई चहा पीत होत्या तेवढा वेळ तो त्यांच्याकडे टक लावून बसला, पापणीही न हलवता. त्यांनी तोंड पुसलं, मग चष्मा पुसला, शेवटी तोंडाला काही लागलंय का म्हणून मुलीला विचारलं. पण एकंदरीत निभावलं.

निरोप घेताना लिफ्ट वर आली आणि तिचा आवाज ऐकून त्याचा चेहरा बदलला. त्याने तोंड उघडलं. बाईंनी डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

"आमचा जिना फार चांगला आहे," तो एकदम म्हणाला. "पायऱ्या रुंद आहेत. जिन्यानेच जा."

सासूबाईंनी नुकतंच आपल्या गुडघ्यांचं दुखणं साग्रसंगीत ऐकवलं होतं. त्या नाक मुरडून लिफ्टमध्ये शिरल्या, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली.

आतून किंकाळी आली. मुलगी रडायलाच लागली. तो हत्यारं घेऊन खालच्या दाराशी बसला, तरी मुकाट्याने. शेवटी बाईंनीच सांगितलं, की आता काय बोलायचं ते बोला.

मग काय, बांधच फुटला. दोर किती, एक तुटला तरी बाकीचे कसे धरून ठेवतात, आता खट् होईल ते कशाचं, सगळं त्या सपाट आवाजात सुरू झालं. ज्या आवाजाने आजवर लोकांना जांभया आल्या, त्यानेच आतला आरडाओरडा थांबला. तो मधेच गप्प झाला, तर बोलत राहा म्हणून आतून हुकूम आला.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, ही अडकणार हे तुम्हाला ठाऊक होतं का.

"हो. आवाजावरून कळलं. पडणार नव्हती, नुसती अडकणार होती. पण हिने लिफ्टचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"लग्न ठरलं समजा," सासूबाई म्हणाल्या. "पण यापुढे काही विचारायचं असलं तर मी यांनाच विचारीन. तुम्हाला नाही."

घरात आल्यावर बाईंनी पोटातलं सगळं सांगून टाकलं. व्याख्यान, त्या खुणा, ते तज्ज्ञ. तो भिंतीकडे बघत ऐकत होता. हा दुखावला, असं बाईंना वाटलं.

"जाऊ की दाखवायला," तो म्हणाला. "मला वाटायचं, लोक मला मुद्दाम अर्धंच सांगतात."

बाईंना एकदम उमगलं. इतकी वर्षं त्याही अर्धंच सांगत आल्या होत्या, आणि उरलेलं त्याला कळलं नाही म्हणून रुसत आल्या होत्या. त्या त्याच्या शेजारी बसल्या.

"मला भीती होती, आज तुमची लाज वाटेल. पण नाही वाटली."

त्याने जरा विचार केला. "अजिबात नाही?"

"थोडी वाटली," बाई म्हणाल्या.

तो समाधानाने हसला.